आधी आपलं आकाश, मग कॅमेरा

चि. सई,


दहावीनंतर दुर्बीण घ्यावी की बाबांच्या जुन्या डीएसएलआरला नवी लेन्स, असं तू विचारलंस. माझं मत विचारशील तर यंदा काहीच विकत घेऊ नकोस. कॅमेरा घरात आहे, ५० मिलिमीटरची लेन्स आहे, पक्का तिपाई स्टँड आहे. सुरुवातीला याहून जास्त लागत नाही.

तू पाहतेस ते बहुतेक व्हिडिओ युरोप-अमेरिकेतल्या लोकांनी केलेले असतात. ते चांगलेच असतात, पण त्यांचं आकाश वेगळं आणि त्यांचे महिनेही वेगळे. आकाशगंगेचा मध्यभाग टिपायला जून ते ऑगस्ट उत्तम, असं ते सांगतात. तेव्हा आपल्याकडे पाऊस असतो! आपण मार्च-एप्रिलमध्ये पहाटे चारला उठायचं. दक्षिणेला वृश्चिक वर आलेला असतो, त्याच्या डावीकडे धनु, आणि तिथेच आकाशगंगा सर्वांत दाट दिसते. यात आपला फायदाही मोठा आहे. वृश्चिकेतली ज्येष्ठा पुण्यात क्षितिजापासून सुमारे ४५ अंश वर चढते, लंडनमध्ये जेमतेम १२. अगस्त्य तर लंडनमधून कधीच दिसत नाही, आपल्याला हिवाळाभर दक्षिणेला दिसतो. उलट ध्रुव आपल्याकडे खाली, साधारण साडेअठरा अंशांवर. हात लांब करून मूठ धरलीस तर एक मूठ म्हणजे सुमारे दहा अंश. उत्तर क्षितिजापासून दोन मुठींना थोडं कमी, तिथे शोध.

अंधारी रात्र निवडायला भिंतीवरची दिनदर्शिका पुरते. शुद्ध अष्टमीचा चंद्र मध्यरात्रीच्या सुमारास मावळतो, वद्य अष्टमीचा त्याच सुमारास उगवतो. म्हणून संध्याकाळी पाहायचं असेल तर वद्य पक्षाचा दुसरा आठवडा धर, पहाटेसाठी शुद्ध पक्षाचा पहिला. चंद्रच पाहायचा असेल तर शुद्ध सप्तमी-अष्टमी. तेव्हा उजेड-अंधाराच्या सीमेवर विवरांच्या सावल्या लांब पडतात. पौर्णिमेला चंद्र सपाट दिसतो.

आता डिसेंबर आहे, म्हणून मृगापासून सुरुवात कर. रात्री नऊला पूर्वेकडे तोंड करून उभी राहा. मोबाइल खिशात ठेव, डोळे अंधाराला सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात. मृगाचे चार पाय आणि पोटातला तीन ताऱ्यांचा बाण सापडला, की ती रेघ खाली वाढव, व्याध सापडेल. वर वाढव, रोहिणी आणि तिच्याही पुढे कृत्तिकांचा पुंजका. त्या चार पायांपैकी काक्षी तांबूस आहे आणि राजन्य निळसर पांढरा, हे नुसत्या डोळ्यांनी ओळखता आलं पाहिजे. त्याआधी कॅमेऱ्याला हात लावायचा नाही.

बाणाच्या उजवीकडे तीन मंद ठिपके आहेत, त्यांतला मधला जरा पुसट वाटतो. तो तेजोमेघ आहे, तिथे आजही तारे जन्माला येताहेत. अंतर सुमारे १३०० प्रकाशवर्षं. म्हणजे बदामीचे चालुक्य राज्य करत होते, तेव्हा निघालेला प्रकाश तुझ्या सेन्सरवर पडणार! मला हे अजून पुरतं पचलेलं नाही.

तोच टिप. फोकस हाताने करायचा: लाइव्ह व्ह्यूमध्ये व्याध मोठा करून तो अगदी बारीक टिंब होईपर्यंत रिंग फिरव. रॉ फाइल, आयएसओ १६००, अ‍ॅपर्चर २.८, एक्सपोजर पाच सेकंद. त्याहून जास्त ठेवलंस तर तारे लांबट येतात, कारण पृथ्वी तासाला १५ अंश फिरते. एका फोटोत फारसं दिसणार नाही, निराश होऊ नकोस. हात न लावता टायमरने ६४ फोटो काढ आणि डीपस्कायस्टॅकरमध्ये एकत्र कर. तो प्रोग्रॅम फुकट आहे. नॉइज फोटोंच्या संख्येच्या वर्गमुळाच्या प्रमाणात घटतो, म्हणजे ६४ फोटोंमध्ये आठपट कमी. मग तो पुसट ठिपका गुलाबी पंख पसरतो.

पुढे कधी खर्च करावासा वाटला तर १० बाय ५० ची द्विनेत्री घे. गुरूचे चार चंद्र तिच्यातून दिसतात. हात टेकवून मात्र धरायची. ती किंवा कॅमेरा सूर्याकडे चुकूनही वळवू नकोस. दुर्बिणीचं नंतर पाहू, आणि घेण्याआधी ज्योतिर्विद्या परिसंस्थेत जाऊन चार दुर्बिणींतून डोळा लावून ये. १९४४ पासून पुण्यात हौशी लोक ती चालवताहेत. पावसाळ्यात लेन्स सिलिका जेलसह डब्यात बंद ठेव, नाहीतर बुरशी धरते.

मार्गशीर्ष अमावस्येला धरून येणाऱ्या शनिवारी इकडे गावी ये. गच्चीवरून पूर्व मोकळी आहे. जास्तीची बॅटरी आण, थंडीत लवकर उतरते. आणि लेन्सवर दव धरतं, तेव्हा एक सुती रुमालही.

तुझी,
आत्या