दयेची मजुरी



मुलांना चांगल्या वागण्याबद्दल पैसे द्यावेत काय? हा प्रश्न हल्ली पुष्कळ घरांत पडतो. आमच्या निंबर्ग्याच्या घरीही पडला. नातवाला दया कळावी आणि पैशाचा हिशेबही कळावा, म्हणून आम्ही एक वही केली. एका सत्कृत्याला पाच रुपये. वही भरू लागली, आम्ही हरखलो. एके दिवशी उन्हातून आलेला वाटसरू ओसरीवर टेकला. त्याला पाणी दे म्हणताच नातवाने विचारले, "आजोबा, हे वहीत धरणार ना?" ऐकून माझी मान खाली गेली. दासोह शिकवायला निघालो आणि मजुरी शिकवून बसलो!

अशा वेळी आयदक्की मारय्या आणि लक्कम्मा या शरण दांपत्याकडे पाहावे. बाराव्या शतकात, आपल्या शेजारच्या कल्याणात, म्हणजे आजच्या बसवकल्याणात, मारय्या सांडलेले तांदूळ वेचून आणीत. लक्कम्मा ते रांधून जंगमांना वाढीत. परंपरा सांगते की, एके दिवशी मारय्यांनी रोजच्यापेक्षा जास्त तांदूळ आणले. लक्कम्मा आनंदल्या नाहीत. ही हाव कशाला, असे विचारून त्यांनी जास्तीचे तांदूळ जिथले तिथे टाकून यायला सांगितले. त्या घरी वेचण्याला माप होते, वाढण्याला नव्हते. आमच्या वहीने नेमके उलटे केले होते.

आजचे संशोधनही हेच सुचविते. जर्मनीतील लायप्झिग येथील वार्नेकेन व टोमासेलो यांनी २००८ साली वीस महिन्यांच्या बालकांवर केलेला प्रयोग प्रसिद्ध झाला. मदतीबद्दल वस्तू मिळालेली बालके पुढे, काहीच न मिळालेल्या बालकांपेक्षा कमी मदत करू लागली.

मग पैसा शिकवूच नये काय? अवश्य शिकवावा, पण कायकातून. तुरीची काढणी झाल्यावर नातू आमच्या रानात सरवा वेचतो. त्याचे पैसे त्याचेच. त्यासाठी तीन डबे केले: एक खर्चाचा, एक शिलकीचा, एक दासोहाचा. दहा वर्षे पूर्ण झालेल्या मुलाला टपाल कार्यालयात स्वतःच्या सहीने बचत खाते चालविता येते. शिलकीचा डबा तिकडे जाईल. दासोहाच्या डब्यात किती टाकले, हे मात्र कोणी विचारायचे नाही.

वही बंद झाल्यावर काही दिवस नातू पाणी द्यायला उठेना. आम्ही रागावलो नाही. स्वतः उठून तांब्या भरला. आता तो कधी उठतो, कधी नाही. पण उठतो तेव्हा वहीची आठवण काढीत नाही.

वाचकहो, मुलाला दोष देण्याआधी एक आठवून पाहा. मठाच्या जत्रेत देणगीदारांची नावे वाचली जातात, तेव्हा आपले कान कशासाठी टवकारलेले असतात? ती वही आपण अजून बंद केलेली नाही. मूल तीच पाहून शिकते.