सम्राटाची बहीण

उत्तर आफ्रिकेंत, आजच्या लिबिया देशांत, त्रिपोलीच्या पूर्वेस समुद्रकांठीं लेप्टिस मॅग्ना या नगराचे भग्नावशेष उभे आहेत. फिनिशियनांनीं वसविलेल्या या नगराची मूळ भाषा प्यूनिक. लॅटिन तेथें राज्यकर्त्यांच्या पावलांनीं आली. इ. स. १-२ मध्यें ॲनोबाल रूफस नांवाच्या तेथील धनिकानें स्वखर्चानें नाट्यगृह बांधिलें व त्यावरील लेख दोन्ही भाषांत कोरविला. त्या शिळेवर लॅटिन व प्यूनिक शेजारणींप्रमाणें नांदत आहेत. परंतु पहिलें शतक सरतें न सरतें तोंच सार्वजनिक लेखांतून प्यूनिक लिपी नाहींशी झाली. तिच्यावर बंदी घालणारी राजाज्ञा निघाल्याचें इतिहासांत आढळत नाहीं. नगरांतील प्रतिष्ठितांनींच आपल्या भाषेला ओसरीवरून उठवून माजघरांत बसविलें, असेंच म्हणावें लागतें.

याच नगरांत १४५ सालीं जन्मलेला सेप्टिमियस सेव्हेरस १९३ सालीं रोमचा सम्राट झाला. त्याच्या प्राचीन चरित्रांत अशी कथा आहे कीं, त्याची बहीण लेप्टिसहून त्याला भेटावयास आली. तिला लॅटिन धड बोलतां येईना, व भावाला लाज वाटली. त्यानें तिच्या मुलास सेनेटरचा मान दिला, तिला पुष्कळ देणग्या दिल्या, आणि गांवीं परत जाण्यास सांगितलें. या चरित्रसंग्रहांतील सर्वच मजकूर विद्वान् प्रमाण मानीत नाहींत, हें खरें. पण तोच चरित्रकार सांगतो कीं, खुद्द सम्राटाच्या बोलण्यांतील आफ्रिकी हेल म्हातारपणापर्यंत गेला नाहीं! बहिणीच्या तोंडून सेव्हेरसाला आपलाच लपविलेला आवाज तर ऐकूं आला नसेल ना?

ही लाज क्षम्य मानावी काय? दरबारांत राहणाऱ्यास दरबारची भाषा सांभाळावी लागते, असें कोणी म्हणेल. लॅटिननें आफ्रिकेला कायदा, वाङ्मय व विशाल जगाशीं व्यवहार दिला, हें आम्हांस मान्य आहे. परभाषेच्या अध्यापनावर उदरनिर्वाह करणाऱ्या आम्हीं परभाषेची निंदा करणें कृतघ्नपणाचें होईल. परंतु मनुष्याची किंमत तिच्यावरून ठरूं लागली कीं विद्येचें रूपांतर उर्मटपणांत होतें. सेव्हेरसानें जन्मनगरीला नवा फोरम, बॅसिलिका व स्तंभयुक्त राजमार्ग दिला, संगमरवराची उणीव ठेविली नाहीं. बहिणीच्या वाट्याला मात्र देणग्या आल्या, भावाचा सहवास आला नाहीं.

याच आफ्रिकेंत दुसरेंही उदाहरण घडलें. ३९० च्या सुमारास मॅक्सिमस नांवाच्या व्याकरणपंडितानें प्यूनिक नांवांची थट्टा केली. तेव्हां पुढें संत म्हणून विख्यात झालेल्या ऑगस्टीननें त्याला खडसाविलें कीं, आफ्रिकेंत राहून आफ्रिकेच्याच माणसानें या भाषेला हंसावें, हें शोभत नाहीं. ऑगस्टीन हा लॅटिन गद्याचा स्वामी. आणि हा निषेधही त्यानें लॅटिनमध्येंच लिहिला! परभाषेंत पारंगत होऊनही घरच्या भाषेचा मान राखतां येतो, याला याहून चांगला पुरावा कोणता?

आम्हांस वाटतें, सुशिक्षितपणाची खरी परीक्षा चारचौघांत होते. परभाषा न येणारें आपलें माणूस तेथें समोर येऊन बोलूं लागलें असतां आपली मान ताठ राहते कीं खालीं जाते, हें ज्यानें त्यानें आपल्याशींच पाहावें.