मागे सरणे आणि लपणे

थोरल्या बहिणीचे घर मुलुंडला आहे. गेल्या गणपतीत तिच्याकडे गेलो असता, आरती आटोपल्यावर भाचीने आपल्या कानांतले इअरफोन काढून माझ्या कानांत बसवले. "मामा, पंचवीस मिनिटं मध्ये बोलायचं नाही," असे बजावून ती प्रसादाच्या वाट्या गोळा करायला गेली. तेवढ्या वेळात जे कानी पडले, त्याने एक जुना प्रश्न पुन्हा माझ्यापुढे उभा केला. आपल्या माणसाचे मरण कलेत आणण्याचा अधिकार आपल्याला आहे काय?

ती गाणी मिशेल झॉनर या गायिकेची. आई कोरियन, वडील अमेरिकन. जन्म १९८९ साली सोलला, बालपण अमेरिकेतल्या ओरेगन राज्यात, यूजीन गावी. आईला कर्करोग झाल्याचे कळल्यावर फिलाडेल्फियातले आपले बिऱ्हाड सोडून ती शुश्रूषेसाठी घरी परतली. ऑक्टोबर २०१४ मध्ये आई गेली. पुढे 'जॅपनीज ब्रेकफास्ट' या नावाने २०१६ साली तिचा पहिला अल्बम निघाला, 'सायकोपॉम्प'. मृताच्या आत्म्याला पलीकडे पोचवणारा वाटाड्या, असा त्या मूळच्या ग्रीक शब्दाचा अर्थ. वेष्टनावर आईचे जुने छायाचित्र आहे, आणि मध्ये एके ठिकाणी खुद्द आईचा आवाज.

गेलेल्या आईचा आवाज बाजारात मांडावा? वाचकांपैकी कोणी असे विचारील, तर मला नवल वाटणार नाही. ताईने मला हेच विचारले होते. आमची आई गेल्यावर दोन वर्षांनी माझी एक कादंबरी छापून आली. तीत अंथरुणाला खिळलेली आई होती, आणि तापाच्या भरात ती लेकीविषयी जे कडवट बोलली तेही होते. पुस्तक मिटून ताई म्हणाली, "ती बरळत होती रे. ते घरातच राहायला हवं होतं." मी मोठ्या दिमाखात 'श्यामची आई'चा दाखला दिला. साने गुरुजीही माझ्यासारखे मास्तरच. १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात त्यांनी आपल्या दिवंगत आईला कागदावर उतरवले. महाराष्ट्राने त्यांना दोष दिला काय? ताई गप्प बसली. आपण जिंकलो, असे मला त्या दिवशी वाटले.

त्या गाण्यांवर ज्या संगीताची छाया आहे, त्याला 'शूगेझ' म्हणतात. १९८० नंतरच्या दशकाच्या अखेरीस ते इंग्लंड-आयर्लंडकडच्या तरुणांनी रूढ केले. विजेच्या गिटारीचा नाद पायाखालच्या पेडलांतून फिरवून इतका दाट करायचा, की गाणाऱ्याचा गळा त्यात बुडून जावा. पेडलांकडे लक्ष ठेवताना वादकांच्या माना खाली जात. म्हणून वृत्तपत्रांनी थट्टेने त्यांना 'बुटांकडे बघणारे' म्हटले. झॉनरचा स्वतःचा आवाजही कित्येक जागी असाच धूसर आहे. मग तो नाद ओसरतो, आणि आई धीराचे दोन शब्द बोलते. ते ऐकताना मला वाटले, ही मुलगी आईला जागा करून देण्यासाठी मागे सरली आहे.

मागे सरणे वेगळे आणि लपणे वेगळे. याच झॉनरने २०२१ साली 'क्रायिंग इन एच मार्ट' हे आत्मकथन लिहिले, तेव्हा ऐन वयात आईशी केलेली भांडणे तिने झाकली नाहीत. आणि साने गुरुजी? श्यामने केलेली चोरी, त्याचा भित्रेपणा, त्याचा हट्ट, आणि आईच्या अखेरीला त्याचे जवळ नसणे, हे सारे त्यांनी सांगून टाकले आहे. ज्या पुस्तकाचा दाखला मी देत होतो, त्यातली ही गोष्ट मला सोयिस्करपणे दिसली नव्हती.

मृताला हरकत घेता येत नाही. म्हणून लेखणी त्याच्या उणेपणाकडे वळण्याआधी धरणाऱ्याच्या उणेपणाकडे वळली पाहिजे. तेवढी किंमत भरली, तर तो अधिकार मिळतो असे मला वाटते. एरवी ती चोरीच.

त्या रात्री भाची झोपल्यावर मी ताईला म्हणालो, "नव्या आवृत्तीत आईचं ते बोलणं काढून टाकतो."

ती निरांजन पुसत होती. मान वर न करता म्हणाली, "काढू नकोस. तू कुठे होतास, तेवढं लिही."

माझ्या कादंबरीतला मुलगा आईच्या उशाशी बसून आहे. खरा मुलगा त्या आठवड्यात बोरिवलीला, आपल्या घरी, परीक्षेचे पेपर तपासत होता. गठ्ठा दुसऱ्या कोणाकडे सोपवता आला असता. आजारी माणसाच्या खोलीत जायची त्याला भीती वाटत होती, आणि पेपरांचे निमित्त बरे सापडले होते. उशाशी ताई होती, म्हणूनच आईचे ते कडवट बोल तिच्या वाट्याला आले. मला ते तिनेच रडत सांगितले होते.

नवी आवृत्ती निघेल की नाही, कोण जाणे. म्हणून ते इथे लिहिले.