दान आणि देणे

मराठीत 'देणे' या शब्दाचे दोन अर्थ आहेत. आपल्याजवळचे दुसऱ्याच्या हाती ठेवणे हा एक. आणि दुसऱ्याचे जे आपल्याकडे निघते, ज्याची फेड अद्यापि व्हावयाची आहे, ते ऋण हा दुसरा. दान हा शब्द मात्र पहिल्या अर्थापाशीच थांबतो. दुष्काळाने वा पुराने गांजलेल्या खेड्यांस साहाय्य करणाऱ्या संस्थांचा विचार करू लागले म्हणजे यांपैकी कोणता अर्थ आपल्या मनात आहे, हा प्रश्न उभा राहतो. तो आमच्यापुढे उभा राहण्यास एक लहानसा प्रसंग कारण झाला.

आमचे वास्तव्य चिमुरास. चिमूर म्हटले की जुन्या लोकांस १९४२ चा ऑगस्ट आठवतो, नव्यांस ताडोब्याचे वाघ. येथील शेतकऱ्याचे चित्त मात्र आभाळाकडे असते. येथून पूर्वेस गेले की भाताचा मुलूख लागतो. रोवणीच्या ऐन वेळी पाऊस दडी मारून बसतो, आणि कशीबशी रोवणी साधली तर भाद्रपदात नदी शेतात येते. एकाच बांधीने एकाच वर्षी तहानही सोसावी आणि बुडणेही सोसावे, हे येथे नवल नव्हे.

२०२० च्या ऑगस्टअखेर वैनगंगेस मोठा पूर आला. वर मध्यप्रदेशात अतिवृष्टी झाली, गोसेखुर्द धरणाचे तेहतीसही दरवाजे उघडले गेले आणि शेजारच्या ब्रह्मपुरी तालुक्यातील नदीकाठची गावे जलमय झाली. आम्ही काही अध्यापकांनी वर्गणी जमविली आणि तांदूळ, डाळ, चादरी घेऊन एका गावी गेलो. यादीप्रमाणे वाटप चालले होते. प्रत्येक पिशवीबरोबर एक छायाचित्रही घेतले जात होते. एक वृद्ध शेतकरी पुढे आला. पिशवीस हात लावण्यापूर्वी त्याने विचारले, "सर, हे वापस केव्हा द्यायचं?" आम्ही हसून म्हणालो, "बाबा, वापस नाही द्यायचं. तुम्हांलाच आहे हे." त्याचा चेहरा खुलेल अशी आमची अपेक्षा होती, तो उतरला. गावात उसने नेलेले धान पुढल्या हंगामात परत जाते, आणि नेणाऱ्याची मान त्यामुळेच ताठ राहते. आम्ही औदार्याच्या भरात त्याचा ऋणको होण्याचा अधिकारच काढून घेतला होता.

घरात कमरेइतके पाणी असता असली सूक्ष्म चर्चा कशाला, असे कोणी म्हणेल. ते अगदी खरे आहे. भुकेल्यास आधी अन्न द्यावे, मीमांसा मागाहून करावी. फुकट दिल्याने लोक आळशी बनतात, असे म्हणणाऱ्यांच्या पंक्तीसही आम्ही बसत नाही. आमचे स्वतःचे शिक्षण बव्हंशी सरकारी पैशावर झाले; त्यामुळे आम्ही आळशी झालो की काय, हे आजवर कोणी विचारले नाही. (विचारले असते तर उत्तर देणे कठीण गेले असते, ही गोष्ट वेगळी.) आमचे म्हणणे इतकेच की, दात्याने आपण दान करीत आहो की देणे फेडीत आहो, हे स्वतःशी पाहावे. गोसेखुर्दची पायाभरणी १९८८ साली झाली. त्या धरणासाठी कित्येक गावांनी आपली घरेदारे सोडली. चंद्रपूरच्या कोळशाची वीज राज्यभर जाते, राख आणि धूर येथे राहतात. ज्या पुराचे दरवाजे माणसाच्या हाताने उघडतात, तो पूर केवळ दैवाचा म्हणता येत नाही. मग त्यात बुडालेला मनुष्य आपल्या दारी याचक म्हणून येतो की धनको म्हणून?

या मुलखात तर ऋणाची एक जुनी व्यवस्थाच होती. गोंड राजांच्या काळी जो तलाव बांधील त्यास जमिनीचे हक्क देण्याची चाल होती, असे सांगतात. कोहळी लोकांनी बांधलेले तलाव आजही पूर्व विदर्भभर दिसतात. पुढे त्यांस मालगुजारी तलाव हे नाव पडले. ती व्यवस्था न्यायाची होती असे आम्ही म्हणणार नाही. मालगुजाराचा जुलूम म्हाताऱ्यांच्या तोंडून आम्ही पुष्कळ ऐकला आहे. परंतु पाळ फुटली तर ती कोणी बांधावयाची, हे गावास ठाऊक असे. १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली, तलाव सरकारचे झाले; आणि जे सर्वांचे ते कोणाचेच नव्हे, या न्यायाने त्यांत गाळ साचत गेला. आता एखादी संस्था यंत्र आणून गाळ काढते, फलक लावते व निघून जाते. फलकावर देणगीदाराचे नाव असते. नवा मालगुजार तो हाच, फक्त त्यास सारा वसूल करण्याचे कष्ट नाहीत!

सर्वच संस्था अशा नाहीत. भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाने अर्जुनी मोरगावकडील तलावांत जे काम केले, त्याचा प्रकार निराळा. तलावात बेशरम माजली होती, मासे कमी झाले होते. मंडळींनी ढिवरांस विचारले की पूर्वी पाण्यात कोणत्या वनस्पती होत्या, कोणता मासा कशावर जगतो. ते ज्ञान ढिवरांपाशी होते, पदवीधरांपाशी नव्हते. बेशरम उपटली गेली, देशी पाणवनस्पती लावल्या गेल्या, आणि या कामी ढिवर स्त्रिया पुढे होत्या. येथे घेणारा कोण आणि देणारा कोण?

१९७२ च्या दुष्काळात खडी फोडणाऱ्या स्त्रियांस मजुरी मिळाली, भीक नव्हे. आणि १९७७ साली महाराष्ट्राने रोजगार हमीचा कायदा करून काम मागणे हा हक्क ठरविला. मजुरी वेळेवर न मिळाल्यास रागावता येते, हे त्या हक्काचे मोठे सुख. दात्यावर कोणास रागावता येते?

पुढल्या वर्षी मार्गशीर्षात आमच्या एका विद्यार्थ्याबरोबर दोन पायली तांदूळ घरी आले. त्या वृद्धाने पाठविले होते. निरोप काही नव्हता. आम्ही संकोचून त्याचे पैसे पाठवावयास निघालो, तेव्हा आमच्या कुटुंबाने पाकीट हातातून काढून घेतले आणि तांदूळ निवडावयास बसली. तांदूळ नवा होता. रात्री भात थोडा चिकट झाला.