उशिरा आलेल्यांचा हक्क

"आपण मूळचे कुठले?" रावपुऱ्यात पिढ्यान्‌पिढ्या नांदत आलेल्या आपणां सर्वांना हा प्रश्न कधी ना कधी ऐकावा लागला आहे. १७३४ साली बडोदे गायकवाडांच्या हाती आले आणि त्यांच्यामागून आपले पूर्वज येथे आले. तरीही उत्तर देताना जीभ क्षणभर अडखळते. मौज अशी, की कालपरवा आलेल्या बिऱ्हाडाला आपणही हाच प्रश्न विचारतो! सरकारी सेवेत हक्कपत्रकातील फेरफार नोंदी वाचण्यात आमचे आयुष्य गेले. कोणत्याही नावाच्या आधी दुसरे नाव असायचेच. मग आधी येणे हा हक्काचा पाया मानावा काय?

हा विचार मनात आला की आम्हांला दगडात उमटलेल्या प्राचीन पानांची आठवण होते. नेचे आणि सूचिपर्णी वृक्ष पृथ्वीवर ३० कोटी वर्षांपूर्वीही होते. सपुष्प वनस्पतींचे खात्रीचे अवशेष मात्र सुमारे साडेतेरा कोटी वर्षांपलीकडे जात नाहीत. त्या इतक्या अकस्मात पसरलेल्या दिसतात, की १८७९ साली हूकर यांस लिहिलेल्या पत्रात डार्विनने याविषयी आपली हतबुद्धता व्यक्त केली होती. पुढे १९७०च्या दशकात डॉइल व हिकी यांनी अमेरिकेतील पोटोमॅक थरांतील पाने क्रमाने तपासली. खालच्या थरांतील पाने लहान, त्यांच्या शिरा विस्कळीत. वरच्या थरांत पानांचे आकार विविध आणि शिरांची जाळी नेटकी होत गेलेली. म्हणजे हे नवागत परिपूर्ण होऊन अवतरले नव्हते. येथेच राहून ते हळूहळू घडत गेले.

आपल्याकडचा दाखलाही बोलका आहे. ज्या लाव्हारसाच्या थरांनी दख्खनचे पठार आणि आपला पावागड घडला, त्या थरांमध्ये अडकलेल्या गाळात, छिंदवाडा जिल्ह्यातील मोहगाव कलान येथे, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचे फूल दगड होऊन टिकले. नागपूरच्या व्ही. बी. शुक्ल यांनी १९४४ साली त्याचे वर्णन केले आणि बिरबल साहनींच्या नावावरून त्यास 'साहनिअँथस' म्हटले. तोवर ही उपरी मंडळी या भूमीची झालेली होती.

येथे कोणी आक्षेप घेईल, की मग जुन्यांनी निमूटपणे हटावे काय? सूचिपर्णी वृक्षांना पुष्कळ भूमी सोडावी लागली, हे खरेच आहे. परंतु २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार, आजच्या नेच्यांच्या बहुसंख्य जाती सपुष्प वृक्ष पसरल्यानंतर, त्यांच्याच छायेत उदयास आल्या. नव्यांनी कोणाला विस्थापित केले, तर कोणाला आसरा दिला.

निसर्ग न्याय करीत नाही. त्याच्याकडून नीती उसनी घेणे आम्हांस धोक्याचे वाटते. दगडातून हवा तो अर्थ काढता येतो. वृक्षाला निवड नव्हती, माणसाला ती आहे. आपल्या छायेत काय वाढू द्यावे, हे आपण ठरवू शकतो आणि म्हणूनच त्याचा जाबही आपल्यालाच द्यावा लागतो. किती पिढ्यांपूर्वी आलो, हे सांगून त्यातून सुटका होत नाही.

वाड्यात पुढचे बिऱ्हाड येईल तेव्हा "मूळचे कुठले?" हे मागाहून विचारू. आधी विचारू, "पाणी वेळेवर येते ना?"