घाबरवू नये, पण लपवूही नये



आजचं चिंतन गीतेच्या १७व्या अध्यायातल्या १५व्या श्लोकावर. वाणीचं तप म्हणजे काय, ते भगवंत इथे सांगतात. बोलणं कुणाला अस्वस्थ करणारं नसावं, खरं असावं, प्रिय असावं आणि हिताचं असावं. पण खरी गोष्टच वाईट असेल तर?

मी सॉफ्टवेअरमध्ये आहे. सिस्टिम बंद पडली की ग्राहकांना काय कळवायचं यावर मीटिंग होते आणि कुणीतरी हमखास म्हणतं, "लोक पॅनिक होतील, मोघमच लिहू." ऐकायला हे श्लोकातल्या पहिल्या अटीसारखंच वाटतं.

आता पीएमसी बँक आठवा. २३ सप्टेंबर २०१९ ला रिझर्व्ह बँकेनं तिच्यावर निर्बंध घातले. सुरुवातीला खात्यातून फक्त १,००० रुपये काढता येणार होते. व्यवस्थापकीय संचालकांनी खातेदारांना धीर दिला, की सहा महिन्यांच्या आत सगळं दुरुस्त होईल. मग कळलं, बँकेच्या एकूण कर्जापैकी ७० टक्क्यांहून जास्त कर्ज एकट्या एचडीआयएल समूहाकडे अडकलंय. सहा महिने संपले, निर्बंध वाढतच गेले. जानेवारी २०२२ मध्ये बँक युनिटी स्मॉल फायनान्स बँकेत विलीन झाली, तरी मोठ्या ठेवीदारांच्या नशिबी दहा वर्षांची वाट आलीच.

त्या धीरात गोडवा होता, पण हित नव्हतं. आमच्या शहापूरकडे समृद्धी महामार्गात जमीन गेलेल्यांच्या खात्यात मोबदला आला. अशा पैशावर मुलीचं लग्न ठरतं. खरी अवस्था कळली तर माणूस रडेल, पण तारीख तरी पुढे ढकलेल. मुरबाडला पावसात लाईट गेली की "अर्ध्या तासात येईल"पेक्षा "पोल पडलाय, आज येणार नाही" हेच उत्तर बरं. मग माणूस मोबाइल जपून वापरतो, मेणबत्ती शोधून ठेवतो.

कुणी म्हणेल, बँकेनं खरं सांगितलं असतं तर त्याच दिवशी झुंबड उडाली असती. बरोबर आहे. कारण तोवर फार उशीर झाला होता. म्हणूनच भगवंत याला तप म्हणतात. तप संकटाच्या दिवशी सुरू करता येत नाही, ते रोज करावं लागतं. जी कंपनी चांगल्या दिवसांत छोटी चूक लपवते, तिला वाईट दिवसात खरं बोलायला तोंडच उरत नाही.

अस्वस्थ न करणं म्हणजे सौम्यपणे सांगणं. काय बिघडलंय, काय अजून माहीत नाही, पुन्हा कधी कळवू, एवढं स्पष्ट सांगितलं तरी माणूस सावरतो.

आजचा संकल्प: ऑफिसमधून जाणारा एक तरी मेसेज पाठवण्याआधी या चार अटींवर तपासून बघूया.

रामकृष्ण हरी 🙏