बिनतिकीट प्रवासी

समुद्री फिशटँक ठेवणाऱ्यांच्या बोलण्यात 'हिचहायकर' हा शब्द सतत येतो. टँकसाठी 'लाइव्ह रॉक' आणतात, म्हणजे प्रवाळांच्या जुन्या सांगाड्यांचा किंवा मुद्दाम समुद्रात मुरवलेला सच्छिद्र दगड. तो पाण्यात ठेवला की दोन-चार दिवसांत त्याच्या भोकांतून न मागवलेले जीव डोकावू लागतात. केसाळ किडे, पिसांचा तुरा उघडणारे नळीतले किडे, नखाएवढे खेकडे, बारीक हातांचे तारामासे, स्पंज. लोकलच्या भाषेत सांगायचं तर बिनतिकीट प्रवासी.

मला हा शब्दच पटत नाही. हिचहायकर रस्त्यावर उभा राहून अंगठा दाखवतो. बिनतिकीट प्रवासी स्वतःच्या पायांनी डब्यात चढतो. हे जीव मात्र आपापल्या घरी बसले होते, आपण त्यांचं घरच उचलून आणलं.

मढमध्ये मी आणि माझा रूममेट भाड्यानं राहतो. त्यानं शंभर लिटरचा टँक लावला, तेव्हा हा प्रश्न आमच्या हॉलमध्ये आला. दगड विक्रेत्याकडून घेतलेला, आयात केलेला. आपल्या किनाऱ्यावरून प्रवाळ उचलणं गुन्हा आहे, कारण २००१पासून ते १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात आहेत.

नवा टँक आधी 'सायकल' करावा लागतो. मेलेल्या आणि कुजणाऱ्या गोष्टींपासून अमोनिया तयार होतो. एका प्रकारचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे नायट्राइटचं नायट्रेट. पहिले दोन विषारी, तिसरं त्यामानानं निरुपद्रवी. हे जिवाणू पुरेसे वाढायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. तोवर मासे आणायचे नाहीत, हे सगळेच सांगतात.

पण सुरुवातीचा तो अमोनिया येतो कुठून? लाइव्ह रॉक वापरला, तर बराचसा दगडावरच्याच जिवांच्या मरणातून. प्रवासात काही मरतात, त्यांच्या विषानं आणखी काही मरतात, आणि त्यावर जिवाणू पोसले जातात. म्हणजे नंतर पैसे मोजून आणलेल्या माशाला पाणी मानवावं, म्हणून आधी फुकट आलेले मरतात. सुक्याबरोबर ओलं जळतं म्हणतात, तसंही हे नाही. इथे ओलं जळतं म्हणूनच चूल पेटते.

यावर रूममेटचं म्हणणं सरळ होतं. "मी दगड विकत घेतला, किडे नाही."

आम्ही दोघंही सॉफ्टवेअरमध्ये आहोत, म्हणून मी त्याला आमच्याच धंद्यातलं उदाहरण दिलं. आपण एक लायब्ररी घेतो, तिच्यासोबत आणखी चाळीस येतात. त्यातली एखादी रात्री दोन वाजता बिघडली, तर 'ती मी मागवली नव्हती' हे उत्तर चालत नाही. सिस्टिम आपण चालवतो, तर तिच्या आत जे जे आहे ते आपलं. जबाबदारी हेतूतून येते तशी ताब्यातूनही येते. टँकचं पाणी, मीठ, हीटर, दिवा सगळं आमच्या हातात होतं. त्या किड्याच्या हातात काहीच नव्हतं.

त्याचा दुसरा मुद्दा जास्त जड होता. मढच्या किनाऱ्यावर बांबूंवर बोंबील सुकतात, आम्ही जवळा मुठीनं खातो. मग एका किड्याचं एवढं काय? मला वाटतं, फरक मारण्या-न मारण्याचा नाही, हिशेबाचा आहे. कोळी बांधवांना आपण काय धरलं ते माहीत असतं, ते निवडलं जातं, विकलं जातं, खाल्लं जातं. शिवाय १ जून ते ३१ जुलै राज्यात यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते. त्यात खवळलेल्या समुद्राची भीती आहे, उद्याच्या मासळीचा स्वार्थही आहे. तरी न दिसणाऱ्या पिल्लांसाठी अख्खी गावं दोन महिने थांबतात आणि त्याला कुणी भाबडेपणा म्हणत नाही.

यादीत नाव असलं की जीव दिसू लागतो. २०२०मध्ये कोस्टल रोडसाठी हाजीअली आणि वरळीच्या खडकांवरच्या प्रवाळांच्या १८ वसाहती दुसरीकडे हलवल्या गेल्या, कारण कायद्यात प्रवाळांचं नाव आहे. खडकावरच्या बहुतेक किड्यांसाठी अशी परवानगी कुणी मागत नाही.

टँकमध्ये याचा अर्थ फक्त थांबणं एवढाच होतो. रोज अमोनिया तपासायचा आणि दिसला की पाणी बदलायचं. समुद्राच्या पाण्याचा पीएच ८.२च्या आसपास असतो, आणि पीएच जितका जास्त तितका अमोनियाचा विषारी भाग वाढतो, त्यामुळे 'थोडासा' अमोनियाही थोडासा नसतो. मेलेला स्पंज वासावरून ओळखून काढून टाकायचा. जिवाणूंना कमी अन्न मिळालं तरी ते वाढतात, फक्त हळू. किंमत आहे ती मीठ, पाणी आणि काही आठवड्यांची.

सगळ्यांनाच ठेवून घ्यायला हवं असंही नाही. एप्टेशिया नावाचं समुद्रफूल भराभर वाढतं आणि शेजारच्या प्रवाळांना डंख करतं. त्याला काढावं लागतं. पण ते ओळखून, ठरवून काढणं वेगळं आणि न बघता सगळ्यांना विषात ठेवणं वेगळं. आणि नको ते मढच्या समुद्रात सोडून देणं हा पर्यायच नाही. आपल्याकडच्या समुद्रातला लायनफिश बहुधा अशाच कुणाच्या तरी टँकमधून फ्लोरिडाच्या पाण्यात सुटला आणि आज तिथल्या माशांना पुरून उरलाय. ज्याला परत पाठवता येत नाही, त्याची जबाबदारीही परत करता येत नाही.

याला मी भूतदया म्हणणार नाही. दया दाखवायची की नाही, हे दाखवणारा ठरवतो. इथे आपण ठरवायच्या आधीच कुणाचं तरी घर आपल्या हॉलमध्ये आलेलं असतं.

रूममेट वैतागला, पण थांबला. मासे दहाव्या आठवड्यात आले. स्पंज वाचले नाहीत, एक नळीतला किडाही गेला. बारीक हातांचा तारामासा अजून आहे. रात्री दिवा बंद झाला की तो दगडाखालून एक हात बाहेर काढतो. रूममेटला अजूनही वाटतं की मी त्याचे चार आठवडे फुकट घालवले. तो हात दिसला की मात्र हाक तोच मारतो.